दोन दाढा आणि एक निघालेला स्क्रू: खालच्या जबड्यातल्या इम्प्लांटचं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ५४. अमळनेर तालुक्यातले कापूस-ज्वारीचे शेतकरी. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणतात, इथेही तेच नाव ठेवलं आहे. खालच्या जबड्यातली उजवीकडची पहिली आणि दुसरी दाढ किडून सहा वर्षांपूर्वी काढलेली, अक्कलदाढ त्याही आधी गेलेली. तक्रार त्यांनी एका वाक्यात सांगितली: "उजवा आंगे भाकर चावाले जमत नही." सहा वर्षं घास डावीकडेच फिरत होता. कळण्याची भाकरी, भाजलेल्या शेंगा, सगळं एकाच बाजूला चावल्यामुळे डाव्या दाढांचे कंगोरे झिजून सपाट झाले होते.

आप्पा संक्रांतीच्या आठवड्यात आले. कापसाचे पैसे हातात होते आणि आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) मुलीचं लग्न होतं. तोवर "स्क्रूवाले दात", म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू (इम्प्लांट) घालून त्यावर कॅप लावलेले दात, बसवून हवे होते. निरोगी माणसाच्या खालच्या जबड्यात साडेतीन महिन्यांत हे काम होऊ शकतं. आप्पांच्या तोंडात होण्यासारखं नव्हतं, आणि हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगणं हा उपचाराचाच भाग होता.

तपासणीत काय निघालं

मधुमेह नऊ वर्षांचा, गोळ्या अनियमित. एचबीएवनसी ९.१. या तपासणीतून साधारण मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी कळते, त्यामुळे आदल्या दिवशी गोड टाळून ती सुधारत नाही. इम्प्लांटसाठी हा आकडा ७.५ च्या आसपास किंवा खाली हवा. साखर वाढलेली असताना जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि नवं हाड संथपणे तयार होतं. इम्प्लांटचं यश या तिन्ही गोष्टींवर अवलंबून असतं.

दुसरी अडचण चुना-तंबाखूची. दिवसाला सात-आठ वेळा, आणि गोळी ठेवायची जागा नेमकी उजव्या खालच्या गालाच्या खाचेत, म्हणजे जिथे इम्प्लांट बसणार त्याच हिरडीला लागून. तिथे पांढरट, सुरकुतलेला चट्टा होता. असा चट्टा दिसला की आधी इम्प्लांटचा विचार बाजूला ठेवायचा. तंबाखू पूर्ण बंद करून दोन आठवड्यांनी पुन्हा पाहायचं, आणि चट्टा तसाच राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा. आप्पांचा चट्टा दुसऱ्या आठवड्यात निवळला.

तिसरी गोष्ट तोंड उघडण्याची. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण त्याआधीची दहा-बारा वर्षं आप्पांनी गुटखा खाल्लेला. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा पांढुरकी आणि ताठर झाली होती. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर पूर्ण तोंड उघडून ३२ मिलिमीटर. मागच्या दाढेच्या जागी हँडपीसचं (ड्रिल फिरवणाऱ्या हत्याराचं) डोकं आणि त्याला लावलेलं ड्रिल उभं धरायला निदान ३५ ते ४० मिलिमीटर लागतात.

चौथी बाब पुष्कळदा नजरेतून सुटते. खालची दाढ गेली की वरची दाढ रिकाम्या जागेकडे उतरत राहते. वरची पहिली दाढ अडीच मिलिमीटर खाली आली होती. हाड कितीही चांगलं असलं तरी वर कॅपला जागा नसेल तर इम्प्लांट बसवून उपयोग नाही. त्या दाढेत आधीच खोलवर जुनं सिमेंट होतं, म्हणून रूट कॅनल करून ती कापून कॅपने पातळीत आणायचं ठरलं. दाढ चांगली असती तर छोट्या स्क्रूंच्या आधाराने ती पुन्हा वर ढकलण्याचा पर्याय आम्ही आधी धरला असता. त्याला काही महिने लागतात, पण हाड भरायची वाट पाहण्याच्या काळात ते काम होऊन जातं.

पहिले साडेतीन महिने: एकही ड्रिल नाही

फिजिशियनकडून साखरेची औषधं नीट लावून घेतली. हिरड्यांची खोल सफाई दोन बैठकांत झाली. तोंड उघडण्यासाठी लाकडी चपट्या काड्यांचा व्यायाम दिला: डाव्या बाजूच्या दातांमध्ये बसतील तितक्या काड्या एकावर एक ठेवून पाच मिनिटं धरायच्या, दिवसातून चार वेळा, आणि चार-पाच दिवसांनी आणखी एक काडी वाढवायची. एक काडी दीड ते दोन मिलिमीटर जाड असते. एप्रिलअखेर तोंड ३७ मिलिमीटर उघडत होतं.

तंबाखू सोडवायला नुसतं "सोडा" म्हणून भागत नाही. आप्पांची तलफ सकाळी चहानंतर आणि शेतात दुपारी सावलीला बसल्यावर यायची. त्या दोन वेळांसाठी निकोटिनचा च्युइंगम ठरवून दिला, आणि १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवण्यासाठीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक त्यांच्या मुलाच्या मोबाइलमध्ये साठवून घेतला.

लग्नासाठी काढ-घालीचे दोन दात करून दिले. फोटोत जागा भरलेली दिसली, जेवताना ते काढून ठेवायचे. एप्रिलअखेर एचबीएवनसी ७.४. शस्त्रक्रिया लग्न उरकल्यावर, पण पेरणीची घाई सुरू होण्याआधी, मेच्या मध्यावर ठरली.

मोजमाप

सीबीसीटी स्कॅनमध्ये (त्रिमितीय एक्स-रेमध्ये) जबड्याचे आडवे काप दिसतात. साध्या एक्स-रेवर हाडाची उंची कळते, रुंदी कळत नाही, म्हणून खालच्या दाढांसाठी हा स्कॅन टाळू नये. पहिल्या दाढेच्या जागी हाडाची रुंदी ७.४ मिलिमीटर आणि माथ्यापासून नसेच्या नळीपर्यंत १३.६ मिलिमीटर. दुसऱ्या दाढेच्या जागी रुंदी ८.६, नसेपर्यंत ११.४.

नसेच्या वर किमान २ मिलिमीटर मोकळं ठेवायचं, शिवाय ड्रिलचं टोक त्यावरच्या खुणेच्या अर्धा ते एक मिलिमीटर पुढे जातं हे वेगळं धरायचं. इम्प्लांटच्या गालाकडच्या आणि जिभेकडच्या बाजूला दीड-दीड मिलिमीटर हाड उरायला हवं. या हिशोबाने पहिल्या दाढेसाठी ४.२ व्यासाचा १० मिलिमीटर लांब आणि दुसरीसाठी ५ व्यासाचा ८ मिलिमीटर लांब इम्प्लांट निवडला. दाढेची कॅप सुमारे ११ मिलिमीटर रुंद असते, म्हणून पहिल्या इम्प्लांटचा मध्य शेजारच्या दातापासून साडेपाच मिलिमीटरवर आणि दुसऱ्याचा त्यापुढे ११ मिलिमीटरवर. दोन इम्प्लांटच्या मध्ये ३ मिलिमीटर हाड पुरतं, इथे सहापेक्षा जास्त मिळत होतं.

दुसऱ्या दाढेच्या जागी जिभेकडच्या बाजूला हाड आत वळलेलं होतं. ड्रिल सरळ खाली नेलं तर ते तिथून बाहेर पडून जिभेखालच्या रक्तवाहिनीला लागू शकतं. तो रक्तस्राव घशाकडे सुजत जातो आणि श्वास अडवू शकतो. म्हणून ड्रिल हाडाच्या उताराप्रमाणे तिरकं धरायचं ठरलं.

ड्रिलला दिशा देणारा थ्रीडी प्रिंट केलेला साचा, म्हणजे गाइड, वापरावा का, हा प्रश्न आला. गाइडमधून जाणारी ड्रिल नेहमीपेक्षा लांब असतात, आणि ३७ मिलिमीटर उघडणाऱ्या तोंडात ती मागच्या दाढेवर उभीच राहत नाहीत. जागा दाखवणारा साधा पारदर्शक साचा वापरला.

शस्त्रक्रिया

सकाळची वेळ, नाश्ता आणि मधुमेहाची गोळी घेऊन. खुर्चीवर साखर १४८. तासभर आधी २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन, बसल्यावर क्लोरहेक्सिडिनने एक मिनिट चूळ. बधिर करून हिरडी उघडली.

पहिल्या दाढेची जागा अपेक्षेप्रमाणे झाली. २ मिलिमीटरचं ड्रिल, मग दिशा दाखवणारी पिन घालून एक्स-रे, मग क्रमाने मोठी ड्रिल, वेग मिनिटाला ८०० ते १००० फेरे, फ्रिजमधलं थंड सलाइन सतत. ड्रिल खाली-वर करत न्यायचं, एका जागी दाबून धरायचं नाही. प्रत्येक वेळी बाहेर आलं की त्याच्या खाचांमध्ये अडकलेला हाडाचा चुरा पाहायचा. ओला, पांढरट-गुलाबी चुरा चांगला. कोरडा, तपकिरी चुरा म्हणजे हाड भाजलं. हाडाचं तापमान ४७ अंशांवर एक मिनिट राहिलं तरी तिथल्या हाडाला इजा होते, हे १९८३ सालच्या प्रयोगांपासून माहीत आहे. इम्प्लांट मिनिटाला २५ फेऱ्यांनी बसवला, शेवटचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, ३५ न्यूटन सेंटिमीटर. हिरडीबाहेर दिसणारी ४ मिलिमीटर उंचीची हीलिंग कॅप (हिरडी भरेपर्यंतचं तात्पुरतं झाकण) लावली.

दुसऱ्या दाढेच्या जागी हाड फार कडक होतं. खालच्या जबड्याचा मागचा भाग असा असतो: बाहेरचा थर जाड, आत रक्तपुरवठा कमी. तोंड जेमतेम उघडत असल्याने गाल ड्रिलला टेकत होता आणि सलाइनची धार छिद्रात जाण्याऐवजी गालावर पडत होती. चुऱ्याचा रंग फिका तपकिरी झाला तेव्हा थांबून धार नीट केली गेली. पुढची चूक त्याहून मोठी. इम्प्लांट बसवताना मोटरची टॉर्कची ५० ची मर्यादा आली आणि तीन आटे बाहेर असतानाच तो थांबला. इथे तो उलटा फिरवून बाहेर काढायला हवा होता. कडक हाडासाठीचं ड्रिल किंवा हाडात आटे पाडणारा टॅप फिरवून छिद्र मोकळं करायचं आणि मग पुन्हा बसवायचा. तसं न करता हाताच्या रॅचेटने जोर लावून तो खाली नेला. रॅचेटवरचा काटा ७० च्या पुढे गेला. वर झाकणस्क्रू लावून हिरडी शिवली.

त्याच दिवशी स्थिरता मोजली. इम्प्लांटवर छोटी चुंबकी खुंटी लावून कंपनं मोजणारं यंत्र १ ते १०० मध्ये आकडा देतं. पहिल्याचा ७२, दुसऱ्याचा ८१. त्या दिवशी हा ८१ सगळ्यांना दिलासा देणारा वाटला. पण हा आकडा फक्त स्क्रू हाडात किती आवळला आहे ते सांगतो. भोवतालचं हाड जिवंत आहे की दाबाने रक्तपुरवठा तुटून मेलं आहे, हे त्यात दिसत नाही.

टाके आठव्या दिवशी निघाले. दोन आठवडे मऊ खाणं: मुगाची पातळ खिचडी, केळं, कढीत भिजलेले फुनके. काढ-घालीचे दात वापरायचे नाहीत असं लिहून दिलं, कारण त्याचा पाया थेट जखमेवर टेकतो.

पाचवा आठवडा

तिसऱ्या आठवड्यापासून आप्पांना रात्री उजव्या जबड्यात ठसठस होती. पेरणी चालू होती, म्हणून त्यांनी कळवलं नाही. या काळात इम्प्लांट असाही नाजूक असतो. ड्रिलने दुखावलेलं जुनं हाड शरीर खरवडून काढत असतं आणि नवं अजून तयार झालेलं नसतं, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बहुतेक इम्प्लांटची पकड काहीशी सैल होते. पण दुखणं नसतं. इम्प्लांट बसल्यावर पहिल्या आठवड्यानंतर नव्याने सुरू झालेली ठसठस हे बोलावून घेऊन पाहायचं लक्षण आहे, फोनवर गोळी सांगायचं नाही.

पाचव्या आठवड्यात पाहिलं तर पहिला इम्प्लांट पक्का, वाजवल्यावर टणक आवाज. दुसऱ्यावरची हिरडी लालसर. झाकणस्क्रू उघडताना स्क्रूबरोबर आख्खा इम्प्लांटच फिरला आणि आप्पा कळवळले. एक्स-रेवर भोवती केसाएवढी काळी रेघ. फिरणारा, दुखणारा इम्प्लांट वाचत नाही. प्रतिजैविकं देऊन महिनाभर वाट पाहिली की फक्त जास्त हाड जातं.

बधिर करून तो उलट्या रॅचेटने दोन मिनिटांत निघाला. हातात घेतल्यावर आटे करड्या रंगाचे, स्वच्छ, नवे असावेत तसे. हाडाचा एक कणही चिकटलेला नव्हता, फक्त मानेजवळ बुळबुळीत पातळ पडदा. हाडाशी जुळलेला इम्प्लांट असा हाताने निघतच नाही. टायटॅनियम आणि हाड इतकं एकजीव होतं हे स्वीडनचे पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क यांनी १९५२ साली सशाच्या हाडात प्रथम पाहिलं, आणि १९६५ साली पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसले. छिद्रातला मऊ पडदा खरवडून ताजं रक्त येईपर्यंत हाड साफ केलं आणि हिरडी बंद केली.

कारण काय? तंबाखूवर बोट ठेवणं सोपं होतं, आणि अशा वेळी रुग्णाला दोष देण्याची सवय आपल्या धंद्यात आहे. पण आप्पांनी तोवर तंबाखू सोडलेली होती, साखर ताब्यात होती, आणि बोटभर अंतरावरचा पहिल्या दाढेचा इम्प्लांट त्याच तोंडात, त्याच दिवशी बसवलेला, व्यवस्थित होता. काढ-घालीचे दात वापरलेले नव्हते. पू नव्हता. उरतात दोन गोष्टी: ड्रिलची उष्णता आणि अति आवळणं. आमच्या मते दुसरी अधिक जबाबदार. इम्प्लांट निघण्याचं कारण शस्त्रक्रियेतलं होतं, हे आप्पांना त्याच दिवशी तसंच सांगितलं, आणि दुसऱ्या वेळचा इम्प्लांटचा खर्च त्यांच्यावर टाकला नाही.

पुढचं काम

पहिल्या दाढेचा स्थिरतेचा आकडा ऑगस्टअखेर ७६. सप्टेंबरमध्ये माप घेतलं: वरून उघड्या ट्रेने, मापाची खुंटी पूर्ण बसली आहे हे आधी एक्स-रेवर पाहून. खुंटी अर्ध्या मिलिमीटरने वर राहिली तर कॅप लॅबच्या साच्यावर छान बसते आणि तोंडात बसत नाही. कॅप झिरकोनियाची, टायटॅनियमच्या पायावर तोंडाबाहेर चिकटवलेली आणि इम्प्लांटला स्क्रूने आवळलेली. सिमेंटने तोंडात चिकटवण्यापेक्षा आम्ही हीच पद्धत सुचवतो. हिरडीखाली सांडलेलं सिमेंट दिसत नाही, आणि त्याच्याभोवती पुढे हाड झिजतं. स्क्रू कंपनीने सांगितल्याप्रमाणे ३० ला आवळला, दहा मिनिटांनी पुन्हा ३० ला. पहिल्या आवळणीनंतर धातूचे पृष्ठभाग एकमेकांत बसतात आणि ताण थोडा उतरतो. दुसरी आवळणी चुकवली तर काही महिन्यांत कॅप हलू लागू शकते. स्क्रूच्या भोकात टेफ्लॉनची पट्टी, वर कॉम्पोझिट.

चावा जुळवताना एक फरक लक्षात ठेवावा लागतो. खऱ्या दाताभोवती दाब शोषणारा पातळ पडदा असतो, त्यामुळे दात दाबल्यावर किंचित खाली जातो. इम्प्लांट जवळजवळ जात नाही. म्हणून ८ मायक्रॉनची पातळ पट्टी हलकं चावल्यावर नव्या कॅपवरून सरकून निघायला हवी आणि जोरात चावल्यावरच अडकायला हवी. आप्पांसारख्या भाकरी-शेंगा खाणाऱ्यांच्या बाबतीत ही पायरी घाईत केली तर कॅपचा टवका उडतो किंवा स्क्रू सैल होतो.

दुसऱ्या दाढेची जागा भरेपर्यंत आप्पांना एक पर्याय सांगितला होता: पहिल्या दाढेवर भागत असेल तर दुसरी करू नका. बऱ्याच जणांचं भागतं. पण वरची दुसरी दाढ शाबूत होती आणि खाली काही नसेल तर तीही उतरत जाणार होती, शिवाय आप्पांना ती हवी होती. ऑक्टोबरमध्ये, इम्प्लांट निघाल्यानंतर चार महिन्यांनी, नवा स्कॅन करून त्याच मापाचा इम्प्लांट बसवला. या वेळी एकच मदतनीस फक्त गाल ओढून धरायला आणि दुसरा फक्त सिरिंजने छिद्रात सलाइन सोडायला. टॅप फिरवून आटे पाडले. टॉर्क ३८ ला थांबला, स्थिरतेचा आकडा ७२. आठव्या आठवड्यात ७०, चौदाव्यात ७७. कॅप जानेवारीच्या शेवटी बसली. पहिल्या तपासणीपासून बारा महिने झाले होते. इम्प्लांटच्या डब्यावरचे माप आणि लॉट क्रमांकाचे स्टिकर आप्पांच्या कार्डावर चिकटवून दिले. दहा वर्षांनी दुसऱ्या गावी स्क्रू बदलायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरला नेमका हाच कागद लागतो.

कॅप बसल्यानंतर

पहिली दाढ बसून सहा महिने झाले तेव्हा आप्पा म्हणाले, ज्वारीचे कण पुढच्या फटीत अडकतात. कॅप बसवली त्या दिवशी तिथून फ्लॉस कटकन जात होता, आता सैल जात होता. खरे दात आयुष्यभर हळूहळू पुढे सरकतात, इम्प्लांट जागेवरच राहतो, आणि मध्ये फट पडते. हे वारंवार दिसतं, कॅप वाईट होती असा त्याचा अर्थ नाही. भोक उघडून स्क्रू सोडला, लॅबने बाजूला पोर्सेलिनचा थर चढवला, दोन दिवसांनी कॅप पुन्हा आवळली. सिमेंटने चिकटवलेली असती तर बहुधा ती फोडून नवी करावी लागली असती.

सफाईसाठी प्लॅस्टिकचं वेष्टन असलेल्या तारेचा ०.७ मिलिमीटरचा छोटा ब्रश, दोन्ही बाजूंनी, रोज रात्री. साधा ब्रश कॅपच्या पोटाखाली पोचत नाही. दर सहा महिन्यांनी हिरडीची खोली हलक्या हाताने मोजायची आणि रक्त येतं का पाहायचं. रक्त आलं पण हाड शाबूत असेल तर सफाईने भागतं. हाड उतरू लागलं की काम फार अवघड होतं. एक्स-रे कॅप बसवल्याच्या दिवशी आणि मग वर्षाने. पहिल्या वर्षात मानेजवळचं हाड थोडं बसतं, त्यानंतर वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी झीज हा १९८६ साली मांडलेला निकष अजूनही कामाला येतो.

पहिल्या दाढेच्या वर्षाच्या तपासणीत हाडाची झीज ०.६ मिलिमीटर, खोली ३ मिलिमीटर, रक्त नाही. दुसरीकडेही ठीक. मात्र खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ताजे तपकिरी डाग होते. विचारल्यावर आप्पांनी मान्य केलं की मागच्या वेचणीच्या दिवसांत डबी पुन्हा खिशात आली होती, दिवसाला दोन-तीनदा. गोळी आता डाव्या गालात ठेवतो, असंही सांगितलं. डाव्या खाचेची हिरडी टॉर्च लावून पाहिली. चट्टा नव्हता. च्युइंगम पुन्हा सुरू केला आणि सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांनी बोलावलं.